कुंपणावरचा सरडा : ऊन, सावली आणि रंगांची भाषा

डोंगरपायथा (मुलुंड)

आमची इमारत मुलुंडला, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराला टेकून उभी आहे. मागे कुंपणाची जुनी दगडी भिंत, भिंतीलगत कोरांटीची दाट रांग आणि कोपऱ्यात भोकराचे एक झाड आहे. एप्रिलच्या सुरुवातीपासून या भिंतीवर राहणाऱ्या एका सरड्याच्या नोंदी मी रोज वहीत ठेवतो आहे. बागांमधून सगळीकडे दिसणारा हा आपला साधा सरडा आहे. १८०२ साली त्याला मिळालेल्या शास्त्रीय नावात ‘व्हर्सिकलर’ हा शब्द आहे, आणि त्याचा अर्थच मुळी रंग पालटणारा असा आहे.

सकाळी साडेसातच्या सुमारास तो भिंतीच्या पूर्वेकडच्या कडेवर येतो, तेव्हा त्याचा रंग ओल्या मातीसारखा काळपट असतो. अंग चपटे करून आणि कूस उन्हाकडे वळवून तो बराच वेळ निश्चल बसतो. नऊ वाजेपर्यंत तो उजळलेला असतो. अशा वेळी शेजारच्या आवारातून दुसरा नर भिंतीवर चढला, तर याचे डोके आणि खांदे बघता बघता लालबुंद होतात, गळ्याखाली काळा डाग उमटतो आणि पुढच्या पायांवर अंग वरखाली करत तो जोर काढू लागतो. हरून पळणारा नरही मी दोनदा पाहिला आहे. भिंतीवरून खाली उतरेपर्यंत त्याच्या अंगावरची लाली ओसरून गेलेली होती. दुपारी एक वाजता भिंतीवर हात टेकवत नाही, त्या वेळी आमचा सरडा भोकराच्या खोडावर, सावलीच्या अंगाला, फिकट पिवळसर होऊन तोंड उघडे ठेवून बसलेला असतो. साडेचारनंतर तो पुन्हा भिंतीवर दिसतो.

‘सरड्यासारखा रंग बदलतो’ हे आपण लबाड माणसाबद्दल म्हणतो. दीड महिना पाहिल्यावर मला हे त्या प्राण्यावर अन्यायाचे वाटू लागले आहे, कारण लपण्यासाठी त्याने रंग बदलल्याचे मला एकदाही दिसलेले नाही. सकाळचा काळपट आणि दुपारचा फिकट रंग उन्हासाठी असावा, आणि लाल रंग तर उघडउघड दुसऱ्याने पाहावा म्हणून असतो. माझ्यापुढचा प्रश्न असा आहे की कातडी एकच असताना ती ही दोन्ही कामे कशी निभावते? वीण नेमकी वर्षातल्या सर्वांत कडक उन्हात सुरू होते, म्हणजे ज्या काळात रंग मिरवायचा त्याच काळात अंगही सांभाळायचे असते.

विचारण्यामागे एक व्यावहारिक कारणही आहे. कोरांटी काढून तेथे फरशी बसवावी असा प्रस्ताव आमच्या संकुलाच्या समितीपुढे आला आहे. त्यावर मला नीट माहितीनिशी पत्र लिहायचे आहे, म्हणून जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रयोगवही (दादर)

काका, आपल्या नोंदी फार मोलाच्या आहेत. मी शाळेत जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे आधी उन्हाविषयी लिहिते.

सरडे आणि साप ‘थंड रक्ताचे’ असतात असे आपण पुस्तकात शिकलो, परंतु तो शब्द दिशाभूल करणारा आहे. आपण अन्न जाळून शरीरातच उष्णता निर्माण करतो, तर हे प्राणी ती बाहेरून, उन्हातून आणि तापलेल्या दगडामातीतून घेतात. याचा अर्थ त्यांचे तापमान हवेप्रमाणे निमूटपणे वरखाली होत राहते, असा नाही. १९४४ साली काउल्स आणि बोगर्ट या दोन अमेरिकी संशोधकांनी वाळवंटी सरड्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. ऊन आणि सावली यांच्यात येजा करून, अंग वळवून, चपटे करून किंवा उचलून धरून हे प्राणी आपले तापमान बऱ्यापैकी ठरावीक पातळीवर राखतात, असे त्यात दाखवले होते. दिवसा वावरणारे अनेक सरडे अंगाचे तापमान ३५ ते ४० अंश सेल्सिअसच्या दरम्यान ठेवतात. म्हणजे आपल्या सरड्याचे ‘थंड’ रक्त सकाळी दहा वाजता आपल्या रक्ताइतकेच गरम असू शकते. पंचेचाळीस अंशांच्या आसपास मात्र बहुतेक जातींचे स्नायू काम करेनासे होतात, आणि तेथून मृत्यू दूर नसतो. हवे असलेले तापमान आणि जीवघेणे तापमान यांत इतके थोडे अंतर असल्यामुळे भरदुपारी भिंतीवर काही मिनिटे अधिक थांबणेही त्याला परवडत नाही.

आपण पाहिलेल्या सकाळच्या बैठकीत या प्रयत्नांचा पहिला भाग दिसतो. अंग चपटे करून आणि कूस उन्हाकडे धरून तो उन्हापुढचे क्षेत्रफळ वाढवतो, आणि गडद रंगामुळे त्यातली अधिक उष्णता अंगात शोषली जाते. दुपारी तो याच्या उलट वागतो. तोंड उघडे ठेवण्याचे कारण असे की सरपटणाऱ्या प्राण्यांना घामाच्या ग्रंथी नसतात, त्यामुळे तोंडाच्या ओल्या अस्तरावरून पाण्याची वाफ होऊ देणे हा थंड होण्याचा त्यांच्याकडचा एक मोजका मार्ग आहे. मुंबईत तोही अपुरा पडतो. आपला घाम जसा दमट हवेत वाळत नाही, तसेच त्याच्या तोंडातले पाणीही येथे सावकाश उडते. राजस्थानच्या कोरड्या हवेत तोंड उघडून जेवढा गारवा मिळेल तेवढा मे महिन्यातल्या मुंबईत मिळणार नाही. म्हणून येथल्या सरड्याचा खरा आधार सावली हाच आहे, आणि आपल्या पत्रात हा मुद्दा सर्वांत वर असावा असे मला वाटते.

आणखी एक गोष्ट पाहता आली तर पाहा. दुर्बिणीतून त्याच्या डोक्याच्या माथ्यावर मधोमध एका खवल्यात बारीक ठिपका दिसेल. तो त्याचा तिसरा डोळा आहे. त्याने आकृती दिसत नाहीत, उजेड मात्र जाणवतो, आणि उन्हात किती वेळ बसायचे हे ठरवण्यात या अवयवाचा वाटा असतो. पालींना आणि सापांना तो नसतो.

शेवंती (बोरिवली)

ताई, तिसऱ्या डोळ्याचे वाचून मी लगेच गच्चीत जाऊन आले, पण आज सरडा नव्हता. माझी एक शंका आहे. रंग बदलतो म्हणजे कातडीत नक्की काय हलते? आणि गडद रंगाने अंग तापते, तर मग उन्हाळ्यात गळ्याखाली काळा डाग मिरवण्याचा धोका तो का पत्करतो?

प्रयोगवही (दादर)

शेवंतीताई, पहिल्या शंकेपासून सुरुवात करते. कातडीत रंगपेशींचे थर असतात. पिवळ्या-तांबड्या रंगद्रव्यांच्या पेशी वर असतात, त्यांच्याखाली प्रकाश परतवणाऱ्या स्फटिकांच्या पेशी असतात आणि तळाशी काळे मेलॅनिन बाळगणाऱ्या पेशी असतात. तळाच्या पेशींना झाडाच्या फांद्यांसारखे फाटे असतात, आणि ते वरच्या थरांपर्यंत पोहोचलेले असतात. मेलॅनिनचे कण या फाट्यांमध्ये पसरले की अंग काळपट दिसते, आणि ते पेशीच्या मध्याशी गोळा झाले की फिकट दिसते. काकांच्या सरड्याचा सकाळ-दुपारचा फरक मुख्यतः या कणांच्या ये-जा करण्याने पडतो.

घोयऱ्याची, म्हणजे झाडावर झुलत चालणाऱ्या आणि डोळे वेगवेगळे फिरवणाऱ्या सरड्याची गोष्ट याहून अद्भुत आहे. २०१५ साली जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी मादागास्करमधल्या एका घोयऱ्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच्या कातडीत ग्वानिनचे अतिसूक्ष्म स्फटिक जाळीसारखे रचलेले असतात. प्राणी शांत असतो तेव्हा ते दाटीने असतात आणि निळा प्रकाश परतवतात, वरच्या पिवळ्या द्रव्यामुळे तो आपल्याला हिरवा दिसतो. प्रतिस्पर्धी दिसल्यावर स्फटिकांमधले अंतर वाढते आणि कातडी पिवळी, नारिंगी, लाल होत जाते. या थराखाली मोठ्या आणि विस्कळीत स्फटिकांचा दुसरा थर सापडला. तो सूर्यप्रकाशाचा बराचसा अवरक्त भाग परतवतो, आणि त्याचा उपयोग उन्हापासून बचावासाठी होत असावा असे त्या संशोधकांनी मांडले. सूर्याकडून येणाऱ्या ऊर्जेचा जवळजवळ अर्धा भाग आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा असतो, हे लक्षात घेतले की या रचनेचे महत्त्व कळते. वरचा थर बोलण्यासाठी आणि खालचा थर उन्हासाठी अशी वाटणी त्या प्राण्याने कातडीच्या जाडीतच करून घेतलेली दिसते.

दुसऱ्या शंकेचे उत्तर ऑस्ट्रेलियातल्या दाढीवाल्या सरड्यांच्या अभ्यासात मिळते. २०१६ साली मेलबर्नच्या संशोधकांनी दाखवले की या सरड्यांची पाठ तापमानाप्रमाणे गडद किंवा फिकट होते, तर गळा आणि छाती इतर सरड्यांशी होणाऱ्या व्यवहारात रंग पालटतात. ही वाटणी अर्थपूर्ण आहे, कारण पाठीवर सरळ ऊन पडते, तर गळा आणि छाती खाली, स्वतःच्याच सावलीत असतात. काकांच्या सरड्याचा काळा डागही गळ्याखाली आहे, पाठीवर नाही. काळ्या रंगाची किंमत सर्वांत कमी पडेल अशाच जागी तो आहे, असे मला वाटते.

कातळसडा (ठाणे)

धागा वाचून राहवले नाही, म्हणून चाळकेवाडीबद्दल लिहितो. साताऱ्याच्या वर पवनचक्क्यांनी भरलेले हे पठार आहे, आणि एप्रिल-मे महिन्यांत तेथे मी बरेचदा गेलो आहे. कातळ तापून हवा थरथरत असते, आणि अशा भाजणाऱ्या उघड्यावर वीतभर सरड्यांचे नर दगडांच्या टोकावर पुढच्या पायांवर ताठ उभे राहून गळ्याचा पंखा उघडमीट करत असतात. त्या पंख्यात मोरपंखी निळा, काळा आणि शेंदरी असे तीन रंग शेजारी शेजारी असतात. पंखा मिटला की उरतो तो मातकट, दगडावर नजरेला न सापडणारा लहानसा प्राणी.

आपल्यासाठी आनंदाची गोष्ट अशी की २०१६ साली या सरड्यांसाठी स्वतंत्र प्रजाती मांडली गेली, तेव्हा तिला नाव देण्यात आले ‘सरडा’. लॅटिन वळणाच्या शास्त्रीय नावांच्या गर्दीत आपल्या आजीच्या तोंडचा शब्द जसाच्या तसा बसला. चाळकेवाडीच्या जातीचे पूर्ण नाव ‘सरडा सुपर्बा’ असे आहे.

काकांनी विचारलेल्या पेचाचे या सरड्याने काढलेले उत्तर मला फार देखणे वाटते. रंग अंगभर न ठेवता त्याने तो एका घडीत ठेवला आहे. हवा तेव्हा काही क्षणांपुरता तो उघडायचा, आणि एरवी पाठ मातीच्या रंगाची राहू द्यायची. त्यामुळे अंग तापण्याचा प्रश्न वाढत नाही आणि वरून घिरट्या घालणाऱ्या शिकारी पक्ष्यांनाही तो सहज दिसत नाही. उंच दगडावर उभे राहण्याचेही दोन फायदे होतात. तो दुरून दिसतो, आणि जमिनीलगतच्या सर्वांत तापलेल्या हवेतून त्याचे अंग थोडे वर राहते.

याच पठारावर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मारिया ठाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट होते. पवनचक्क्यांखाली पक्षी कमी आणि म्हणून सरडे जास्त, परंतु त्या सरड्यांच्या अंगाची स्थिती खालावलेली होती आणि नरांच्या गळ्याचे रंगही फिके होते. दाटी वाढली की अन्नासाठी ओढाताण होते, आणि मिरवायच्या रंगाला लागणारी शिल्लक उरत नाही, असा त्याचा अर्थ मी लावतो. गळ्याचा रंग हा त्या नराच्या पोटापाण्याचा दाखलाच असतो, आणि मादी बहुधा तोच वाचत असते.

बंगळुरूच्या परिसरातील खडकांवर राहणाऱ्या सरड्यांवरही याच संस्थेत काम झाले आहे. त्यांच्यात दुसऱ्या नरापुढे वापरायची रंगसंगती पिवळी-नारिंगी असते, तर मादीपुढची लाल-काळी असते. २०१७ सालच्या निष्कर्षानुसार भांडणात रंग पटकन बदलतो, आणि प्रणयात तो अधिक उठावदार होतो. आपल्यापैकी कोणी काकांच्या सरड्यापुढे मादी असतानाची आणि नर असतानाची लाली वेगवेगळी टिपली, तर ती नोंद महत्त्वाची ठरेल. केवळ आपल्या डोळ्यांवर मात्र विसंबू नये. दिवसा वावरणाऱ्या सरड्यांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशींचे चार प्रकार असतात आणि त्यांना अतिनील प्रकाशही दिसतो. आपल्याला लाल म्हणून जे दिसते ते त्यांना आणखी एका रंगासह दिसत असणार.

भांडुपचा सर्पमित्र

आतापर्यंत सरड्यांबद्दल खूप चांगली माहिती आली, आता सापांची बाजू मांडतो. गेली अनेक वर्षे उन्हाळ्यात मला येणारे बोलावणे बहुधा ठरावीक जागांचे असते : पाण्याच्या टाकीखाली, न्हाणीघरात, कुंड्यांच्या मागे, वाहनतळाच्या ओलसर कोपऱ्यात. लोकांना वाटते की साप घरात शिरला. खरे तर तो गारव्याकडे आलेला असतो. सापाचा पातळ आणि लांब देह जमिनीला सगळीकडून टेकलेला असतो, त्यामुळे तापलेल्या फरशीवरून जाताना तो पोटाकडून भाजून निघतो. सरड्याप्रमाणे चार पायांवर अंग उचलून धरण्याची सोय त्याला नाही.

म्हणून साप उन्हाला तोंड देण्यासाठी वेळच बदलतात. घोणस थंडीच्या दिवसांत सकाळी उन्हात पसरलेली दिसते, उन्हाळ्यात मात्र ती दिवसभर पालापाचोळ्यात किंवा बिळात राहते आणि अंधार पडल्यावर निघते. मण्यार तर रात्रीचीच आहे. धामण दिवसा फिरते, पण मे महिन्यात तिची फेरी सकाळी लवकर किंवा संध्याकाळी असते. फुरसे दिवसा दगडाखाली बसते. ते अंगाचे वेटोळे एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज काढते, आणि त्याचाही कोरड्या हवेशी संबंध जोडला जातो. फुत्कारताना श्वासावाटे पाणी जाते, खवले घासताना ते जात नाही.

सापांमध्येही रंग आणि ऊन यांचे नाते आहे. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील तैपान हा अतिविषारी साप हिवाळ्यात गडद आणि उन्हाळ्यात फिकट होतो. त्याचे डोके अंगापेक्षा काळे असते, त्यामुळे बिळातून केवळ डोके बाहेर काढून तो अंग उघड्यावर न आणता ऊब घेऊ शकतो.

मुंबईतल्या वाचकांना माझी विनंती आहे की उन्हाळ्यात साप दिसला तर त्याच्यावर पाणी ओतू नये, काठीने डिवचू नये, आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

जुना गिरगावकर

लहानपणी कोकणात आम्ही नाग आणि धामणीचे मिलन पाहिले होते. दोघे एकमेकांना पीळ घालून कमरेइतके उंच झाले होते, आणि आजीने त्यांच्या दिशेने नवे वस्त्र टाकले होते. त्या वेळी त्यांच्या अंगाचा रंग पालटल्याचे मला आठवत नाही. सरडे एवढे रंग दाखवतात, मग साप प्रणयात रंग का वापरत नाहीत?

भांडुपचा सर्पमित्र

आजोबा, आपण पाहिले ते दोन धामण नर होते. नागाची मादी नागीणच असते, आणि धामण ही संपूर्ण वेगळी जात आहे. मादीसाठी दोन नर एकमेकांना पीळ घालून दुसऱ्याचे डोके खाली दाबण्याची शर्थ करतात. ती कुस्ती असते, आणि त्यात चावे घेतले जात नाहीत. धामण बिनविषारी आहे आणि शेतातल्या उंदरांवर जगते, म्हणून आपल्या आजीने तिला वस्त्र वाहिले ही भावना मला मोलाचीच वाटते.

रंगाविषयीचा आपला प्रश्न अगदी नेमका आहे. सापांचे आपापसांतले व्यवहार मुख्यतः गंधावर चालतात. मादीच्या कातडीवरचा गंध नर दुभंगलेल्या जिभेने टिपतो, ती जीभ टाळूतल्या गंधेंद्रियापर्यंत पोहोचवतो आणि मागावर निघतो. अंधारात, गवतात आणि बिळात राहणाऱ्या प्राण्याला रंगाचा निरोप पाठवून उपयोग नसतो. म्हणून सापाच्या अंगावरचा रंग दुसऱ्या सापासाठी नसून शत्रूसाठी आणि भक्ष्यासाठी असतो. तो एक तर लपवतो किंवा दटावतो.

दटावण्याच्या रंगाचे उत्तम नमुने येऊरच्या वाटेवर पाहता येतात. हरणटोळ वेलीसारखा हिरवा आणि निश्चल असतो, परंतु त्याला धोका वाटला की तो मान आणि पुढचे अंग फुगवतो, खवले एकमेकांपासून दूर होतात आणि मधली काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची कातडी दिसू लागते. नानेटीही अशीच अंग फुगवून खवल्यांमधला निळसर रंग दाखवते. चाळकेवाडीच्या सरड्याने पंखा घडीत ठेवला असे वर लिहिले आहे, तसाच या सापांनी आपला इशारा खवल्यांच्या फटीत जपून ठेवला आहे. नागाच्या फण्यामागचा दहाचा आकडाही फणा उभारल्यावरच पूर्ण दिसतो. गवत्या सापाच्या पिलाच्या मानेवर काळा-पिवळा ठळक कोन असतो, आणि मोठेपणी तो जाऊन साप हिरवागार होतो.

युरोपातल्या घोणशीसारख्या सापांच्या पाठीवर नागमोडी पट्टा असतो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मातीच्या नकली सापांवर हा पट्टा रंगवून ते उघड्यावर ठेवले होते. पट्टा असलेल्या नमुन्यांवर पक्ष्यांनी कमी हल्ले केले. म्हणजे भडक रंग नसतानाही नुसती नक्षी इशारा देऊ शकते. आपल्या घोणशीच्या पाठीवरच्या साखळीकडे मी तेव्हापासून वेगळ्या नजरेने पाहतो.

शेवंती (बोरिवली)

आमच्या गच्चीतल्या कुंड्यांमध्ये बारीक सापसुरळ्या आहेत, आणि त्यांतल्या पिलांची शेपटी चक्क लाल आहे. मोठ्यांची तशी नाही. हाही इशाराच समजायचा का? आणि घरातली पाल रात्री पांढुरकी आणि दिवसा फटीत काळपट दिसते, ते कशामुळे?

प्रयोगवही (दादर)

लाल शेपटी हा वेगळाच डाव आहे, ताई. ती शत्रूला दूर ठेवत नाही, उलट त्याचे लक्ष स्वतःकडे ओढून घेते. पिलू लहान आणि धीमे असते, त्याच्यावर झडप पडणारच असेल तर ती डोक्याऐवजी शेपटीवर पडावी. शेपटी तुटून वळवळत राहते आणि पिलू निसटते. शेपटी पुन्हा येते, पण त्यासाठी साठवलेली चरबी खर्ची पडते, म्हणून मोठेपणी हा रंग ठेवण्यात फायदा राहत नाही.

पालीच्या रंगात पार्श्वभूमीशी मिळते राहण्याचा भाग मोठा आहे. रात्री ती दिव्याजवळच्या उजळ भिंतीवर असते, दिवसा अंधाऱ्या फटीत. पालीला ऊन मिळत नाही म्हणून ती तापमानाबाबत निष्काळजी असते असे मात्र समजू नये. दिवसा तापलेल्या भिंतीच्या कोणत्या फटीत बसायचे, छताजवळ की जमिनीजवळ, याची निवड करून ती आपले अंग सांभाळते.

कातळसडा (ठाणे)

काकांच्या पत्रासाठी एक मुद्दा, आणि त्यात प्रयोगवहींशी माझा थोडा मतभेद आहे. त्यांनी सावलीला सर्वांत वर ठेवले, ते योग्यच आहे, पण सावलीत बसलेला सरडा सुरक्षित असला तरी उपाशी असतो हेही पत्रात यावे. २०१० साली मेक्सिकोतील काटेरी सरड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. १९७५ नंतर पाहणी झालेल्या २०० ठिकाणांपैकी १२ टक्के ठिकाणांहून हे सरडे नाहीसे झाले होते. उन्हाने ते जागच्या जागी मेले असे संशोधकांचे म्हणणे नव्हते. विणीच्या दिवसांत त्यांना इतका वेळ आडोशाला बसावे लागले की अन्न मिळवण्याचे तास अपुरे पडले आणि माद्यांना अंड्यांसाठी शक्ती साठवता आली नाही, असे कारण त्यांनी दिले. काकांच्या वहीतल्या ‘एक ते साडेचार खोडावर’ या नोंदीला त्यामुळे फार अर्थ आहे.

प्रयोगवही (दादर)

मतभेद मान्य आहे, आणि माझे वाक्य अपुरे होते. त्यात एवढीच भर घालते की सावली जवळ असेल तर हे तास कमी वाया जातात. २००९ साली केअर्नी, शाइन आणि पोर्टर यांनी गणिताने मांडले की उष्ण प्रदेशातल्या अशा प्राण्यांपुढचा मुख्य प्रश्न ऊब मिळवण्याचा नसून गार राहण्याचा आहे, आणि तापमान वाढत जाईल तसे त्यांचे टिकणे झाडोऱ्याच्या सावलीवर अवलंबून राहील. भिंतीपासून हातभर अंतरावर कोरांटी असेल तर सरडा दर दहा मिनिटांनी उन्हात येऊन एखादा मुंगळा उचलून परत जाऊ शकतो. तीच सावली तापलेल्या फरशीच्या पलीकडे वीस पावलांवर असेल तर तो दुपारभर बाहेर पडणार नाही. आपल्याकडच्या उन्हात नुसती सावली पुरत नाही, ऊन आणि सावली शेजारी शेजारी असावी लागतात.

आपल्याकडच्या रात्रीही विसरू नयेत. मुंबईत मे महिन्यात पहाटेपर्यंत भिंती निवत नाहीत. सरड्याचे अंग गरम राहिले की झोपेतही त्याचे अन्न जळत राहते. अंगाचे तापमान दहा अंशांनी वाढले तर हा खर्च साधारण दुप्पट किंवा त्याहून अधिक होतो. दिवसा तास कमी आणि रात्री खर्च जास्त, अशी ही दोन्हीकडून ओढ आहे. फरशी आणि काँक्रीट ती वाढवतात, तर माती आणि झुडपे ती कमी करतात.

डोंगरपायथा (मुलुंड)

सर्वांचे मनापासून आभार. पत्र दिले, आणि समितीच्या बैठकीत ते वाचूनही दाखवले. भिंतीलगतची चार फूट रुंद पट्टी मातीची ठेवून कोरांटी तशीच राहू द्यायची, आणि फरशी तिच्यापुढे बसवायची असे ठरले आहे. भोकराला कोणी हात लावणार नाही.

कातळसडा यांनी सुचवल्याप्रमाणे मी गेल्या आठवड्यात वेगळ्या नोंदी केल्या. दुसरा नर चार वेळा आला आणि चारही वेळा लाली मी मनात दहा मोजायच्या आत चढली. मादी दोनदा आली. तेव्हा रंग सावकाश चढला, पण तो खांद्यांच्या मागेपर्यंत उतरला आणि गळ्याचा डाग अधिक काळा दिसला. सहा नोंदींवरून काही ठरवू नये हे मला कळते, म्हणून हंगाम संपेपर्यंत नोंदी चालू ठेवीन. माथ्यावरचा ठिपकाही दिसला, शेजारच्या नातवंडांनी तो माझ्याआधी शोधला.

‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण आपण तोकड्या आवाक्यासाठी वापरतो. या सरड्याची हद्द खरोखरच कुंपणाच्या एका टोकापासून भोकरापर्यंत, जेमतेम अठरा पावलांची आहे. सकाळचे ऊन, दुपारची सावली, मुंग्यांची रांग आणि प्रतिस्पर्धी दिसेल अशी उंच जागा हे सगळे त्याला तेवढ्यात मिळते.

काल पावसाची पहिली सर येऊन गेली. आज सकाळी कोरांटीच्या मुळाशी ओल्या मातीत मादी पुढच्या पायांनी खड्डा खणत होती. तासाभराने तिने माती परत लोटली आणि डोक्याने ती दाबून बसवली. ती जागा मी चार काड्या रोवून ठेवली आहे, आणि फरशीचे काम करणाऱ्यांना दाखवूनही दिली आहे.